दहातली चार वर्षं

९ जानेवारी २०००, रविवार. रात्री ८

ही वही रोलंड काकांच्या टेबलाच्या खणात सापडली. कोऱ्या पाच होत्या, मावशीने एक मला दिली. काका नोव्हेंबरात गेले. मी अंत्यविधीला म्हणून एक बॅग घेऊन विस्कॉन्सिनला आलो तो अजून इथेच आहे, इर्मा मावशीच्या शिवणाच्या खोलीत. बाहेर गुडघाभर बर्फ.

संकल्प. रोज सहाला उठायचं. हार्मोनिका शिकायची. आणि हाती घेतलेलं एक तरी काम शेवटपर्यंत न्यायचं. लोक म्हणतात आर्लो कुठे टिकत नाही. साफ खोटं. अलास्कात माशांच्या कारखान्यात टिकलो. वायोमिंगला घोड्यांच्या तबेल्यात टिकलो. अ‍ॅरिझोनात वेल्डिंगच्या कोर्सला तर सर्टिफिकेटला दोनच आठवडे उरेपर्यंत टिकलो. मी टिकतो. फक्त ठिकाणं बदलतात.

मावशीने जेवताना विचारलं, किती दिवस आहेस रे? म्हटलं, तुला गरज आहे तोवर. ती म्हणाली, मला नाहीये गरज. म्हटलं, मग थोडे दिवस.

१० जानेवारी, सोमवार. सकाळी १०.२०

सहाला गजर झाला. त्याची दखल घेतली.

११ जानेवारी, मंगळवार

मावशीबरोबर काकांच्या क्लबला गेलो. चर्चच्या तळघरात, महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी. नऊ म्हातारी माणसं महिना तीस-तीस डॉलर काढतात आणि मिळून शेअर घेतात. वाटलं होतं पेंगत असतील. कसलं काय! एकेकाच्या जिभेला धार.

नियम मिसेस डिट्रिकचे. त्या चाळीस वर्षं शाळेत गणित शिकवायच्या. अजून थांबलेल्या नाहीत. त्यांचं म्हणणं, कंपनीचा गेल्या वर्षीचा नफा बघून शेअर घेणं म्हणजे मुलगा लग्नाच्या दिवशी कसा दिसतो ते बघून मुलगी देणं. दहा वर्षं बघायची. दर शेअरमागे किती नफा सुटला ते वर्षवार लिहायचं, तोटा असेल तर लाल शाईने. मग जुने डॉलर महागाईच्या कोष्टकाने आजच्या भावात आणायचे, कारण नव्वद सालच्या डॉलरला जेवढी साखर यायची तेवढी आज येत नाही. मग बेरीज, भागिले दहा. येईल त्याची पंधरापट म्हणजे त्या शेअरची लायकी. बाजारातला भाव लायकीच्या वर असेल तर घ्यायचा नाही, घरात असेल तर विकून टाकायचा. हे सगळं पिवळ्या कागदावर, हाताने, खाली सही. कागद चुकीचा निघाला तर सही करणाऱ्याने वर्षभर क्लबला केक आणायचा.

आता मुद्दा. काकांनी लिंडक्विस्ट कंपनीत, म्हणजे दुधाची यंत्रं बनवतात तिथे, तेहेतीस वर्षं काढली. मावशीला कंपनीचे तीन हजार शेअर ठेवून गेले. दीड वर्षापूर्वी आठ डॉलरला कुणी विचारत नव्हतं. मग कंपनीने इंटरनेटवर गायींचा बाजार उघडला. आज भाव वीस. मावशी सहासष्ट वर्षांची आहे, हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात आठ तास उभी राहून चादरी घड्या करते, आणि तिच्या गुडघ्यांनी राजीनामा कधीच दिलेला आहे. शेअर विकून साठ हजार बँकेत टाकले तर व्याजावर आणि पेन्शनवर एक एप्रिलपासून ती घरी बसू शकते. पण शेअरची लायकी वीसच्या वर असेल तर सगळे विकायचे कशाला? लागतील तसे थोडे थोडे काढायचे.

विकायचे की ठेवायचे, हे पिवळा कागद सांगणार. दर जानेवारीत लिंडक्विस्टचा कागद काका करायचे. या वर्षी कोण करणार, असं मिसेस डिट्रिकनी विचारलं.

मी हात वर केला.

म्हातारे लुट्झ, आयुष्यभर दुधाचा टँकर चालवलेले, म्हणाले, खाली घे पोरा, कॉफी तिकडे आहे. मिसेस डिट्रिकनी विचारलं, भागाकार येतो का? म्हटलं, येतो. (येतो. छोटे.)

घरी आल्यावर मावशीने काकांचं पेन दिलं.

१२ जानेवारी, बुधवार

तळघरात खोकं मिळालं. कंपनीचे दहा वार्षिक अहवाल, नव्वदपासून नव्व्याण्णवपर्यंत. शेवटचा काका गेल्यावर पोस्टाने आला, पाकीट फोडलेलं नाही. मी फोडलं. मुखपृष्ठावर कॉम्प्युटरकडे बघणारी गाय. फोटो जुळवून काढलेला असावा. गाय आपणहून अशी बघत नाही. तासभर गायीचं चित्र काढलं. शिंगं चांगली आली.

दहा वर्षं, रोज एक. एकवीस तारखेला काम खलास.

२४ जानेवारी, सोमवार

तीन वर्षं झाली (९९, ९८, ९७). नफा काय सुंदर आहे! दोन डॉलर पाच सेंट, पावणेदोन, दीड. डोळ्यांत पाणी आलं. काकांचा अभिमान वाटला.

रीत एकदा कळली की कशालाही लावता येते. माझ्या उठण्याची दहा दिवसांची सरासरी काढली. नऊ चाळीस. पण त्यातले चार दिवस अपवादाचे आहेत. एक दिवस सर्दी, दोन रविवार, एक हार्मोनिका. ते सोडले तर साडेआठ. सुधारणा आहे.

२८ जानेवारी, शुक्रवार

मावशीने विचारलं, किती झालं? म्हटलं, सात वर्षं. झालीत तीन. पण तिसरं जवळजवळ दोन वर्षांएवढं मोठं होतं, आणि उद्या चौथं करतोच आहे. ती म्हणाली, रोलंडला एक संध्याकाळ लागायची. मग स्वतःशीच म्हणाली, त्याला सवय होती म्हणा.

मला वाईट वाटलं. त्या भरात पेन साफ केलं.

८ फेब्रुवारी, मंगळवार

क्लब. मिसेस डिट्रिक बहिणीकडे फ्लोरिडाला गेल्या, एप्रिलअखेर परत येणार. त्यांच्या जागी कागद तपासायचं काम लुट्झकडे. लुट्झनी विचारलं, काय रे, गाय व्यायली का? सगळे हसले. मी म्हटलं, शेवटचा हात फिरवतोय. खरं तर सहा वर्षं झाली आहेत. फक्त चार उरलीत, ९० ते ९३. सगळ्यात जुनी.

मावशीने राजीनाम्याचं पत्र लिहून फ्रिजवर लोहचुंबकाने लावून ठेवलंय. तारखेची जागा मोकळी. एक महिना आधी द्यावं लागतं, म्हणजे फेब्रुवारी संपायच्या आत तिला कागद हवा. मी फ्रिजमधून दूध काढताना त्या पत्राकडे बघत नाही.

१२ फेब्रुवारी, शनिवार. संध्याकाळी ७

आज स्टर्जन माशाच्या शिकारीचा हंगाम उघडला. सगळं गाव तळ्यावर. लुट्झनी त्यांच्या खोपटीत बोलावलं. गोठलेल्या तळ्यावर पत्र्याची खोली, आत मिट्ट काळोख, जमिनीच्या जागी करवतीने कापलेलं टेबलाएवढं भोक, आणि त्यातून वर येणारा हिरवा उजेड. भाला घेऊन बसायचं आणि माणसाएवढा मासा खालून जायची वाट बघायची. कुणी बोलायचं नाही. मला वाटलं, याहून शांत अभ्यासिका कुठली? म्हणून उरलेले चार अहवाल बरोबर घेतले.

चार तास. मासा नाही. लुट्झ सॉसेज आणायला शेजारच्या खोपटीत गेले आणि सांगून गेले, पोरा, स्टोव्ह विझू देऊ नकोस, नाहीतर तुलाच खाली सोडेन, माशाला सोबत. स्टोव्ह विझत आला. लाकूड ओलं. अंधारात हाताला कागद लागला. अंधारात सगळे कागद सारखेच असतात. मी पानं फाडून घातली. गुळगुळीत कागद आधी धुमसतो, मग निळा जळतो.

तिसरा अहवाल जळताना कळलं. मग चौथा एकटा काय कामाचा?

त्याच वेळी मासा गेला. लांब, राखाडी, अगदी सावकाश. मी भाला हातात घेऊन बघत राहिलो. लुट्झ आले आणि म्हणाले, वा, ऊब छान आहे! काय जाळलंस? म्हटलं, जुने कागद.

हे खोटं नाही.

१३ फेब्रुवारी, रविवार

विचार केला. आजच मावशीला सांगायचं. शिवाय उद्या कंपनीला फोन करून नवीन प्रती मागवायच्या. शिवाय शेजारच्या गावच्या लायब्ररीत सगळ्या कंपन्यांचे अहवाल असतात, ते बघायचे. तीन-तीन उपाय आहेत म्हटल्यावर घाई कशाची?

१७ फेब्रुवारी, गुरुवार

कंपनीतल्या बाई म्हणाल्या, लेखी अर्ज पाठवा, तीन आठवडे लागतील. अर्ज लिहिला. तिकीट नव्हतं. तिकीट आणायला गेलो तर वाटेत लुट्झ भेटले. लाकडाचा खोटा मासा कोरतात, खऱ्याला भुलवायला. कोरायला शिकलो. माझा माशापेक्षा बुटासारखा झालाय. पण लुट्झ म्हणाले, मासेही मूर्ख असतात.

२१ फेब्रुवारी, सोमवार

लायब्ररीच्या बसमध्ये चढलो होतो. एक माणूस आठ वर्षं अलास्कात होता म्हणाला. आम्ही शेवटच्या थांब्यापर्यंत बोलत गेलो. लायब्ररी मधल्या थांब्याला होती.

२४ फेब्रुवारी, गुरुवार. पहाटे

झोप नाही. मावशीने काल भांडी घासताना पाठ न वळवता विचारलं, आर्लो, शनिवारपर्यंत होईल ना रे? नाहीतर सरळ सांग, मी बँकेतल्या पोराला विचारते. म्हटलं, उद्या देतो.

शांतपणे विचार केला. चार वर्षं माहीत नाहीत. जे माहीत नाही त्याबद्दल वाईट का धरायचं? चांगलंही धरायचं नाही. मधलं धरायचं. उरलेल्या सहांची सरासरी येते एक डॉलर एकेचाळीस सेंट. तेच चारही वर्षांना द्यायचं. म्हणजे सरासरीवर काहीच परिणाम होत नाही. मी काही मिळवलं नाही, काही वजा केलं नाही. उलट याहून प्रामाणिक काय असणार?

चारही ठिकाणी तोच आकडा विचित्र दिसत होता, म्हणून १.३८, १.४४, १.४०, १.४२ असं केलं.

एक एकेचाळीस गुणिले पंधरा. एकवीस. भाव वीस. म्हणजे विकायचं नाही.

सही केली. सही थोडी काकांच्या सहीसारखी आली. त्यांचं पेन आहे म्हणून असेल.

२५ फेब्रुवारी, शुक्रवार

दिला. मावशीने कागद खिडकीपाशी नेला. बराच वेळ बघितला. मी तोवर मीठदाणी भरली. भरलेलीच होती. मग ती म्हणाली, एकवीस? म्हटलं, एकवीस. ती म्हणाली, म्हणजे रोलंडचे शेअर ठेवायचे. आवाज वेगळाच होता. हलका. तिला मिठी मारावीशी वाटली आणि पळूनही जावंसं वाटलं.

ठरलं असं, की नोकरी सोडायची, पगाराच्या जागी दर महिन्याला शंभर शेअर काढायचे, बाकीचे तसेच. लुट्झनी कागद तपासला. म्हणाले, बेरीज बरोबर आहे. बेरीज बरोबरच आहे.

२९ फेब्रुवारी, मंगळवार

मावशीने पत्रावर तारीख घातली आणि नेऊन दिलं. ही तारीख चार वर्षांतून एकदा येते. शुभ असावी.

उद्या नक्की सांगणार.

९ मार्च, गुरुवार

भाव चोवीस!! शेअर बाहत्तर हजारांचे झाले. मावशीने मीटलोफ केला, म्हणजे खिम्याची भाजलेली लादी, वर माझ्या आवडीचा कांद्याचा रस्सा. मी म्हटलं नव्हतं? एकवीस म्हटलं होतं, चोवीस झाले. म्हणजे माझा कागद चुकला असेल तर कमी बाजूला चुकला. आणि ती चार वर्षं तशीही फार जुनी. तेव्हा इंटरनेट कुठे होतं? गायींना कोण विचारत होतं?

दोनदा वाढून घेतलं. रात्री पोट दुखलं. मीटलोफमुळे.

१४ मार्च, मंगळवार

क्लबमध्ये लुट्झनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि सगळ्यांना सांगितलं, रोलंडची खुर्ची रिकामी राहिली नाही. टाळ्या. मावशी खाली मान घालून केकचे तुकडे गोळा करत होती. लाजली असावी.

मला वाटतं गुन्हेगार पकडला जातो ते बरं असतं. टाळ्या फार लागतात.

३१ मार्च, शुक्रवार

मावशीचा शेवटचा दिवस. धुलाईखान्यातल्या बायकांनी तिला एक चादर दिली, सगळ्यांच्या सह्या केलेली. घरी आल्यावर तिने बूट काढून कचऱ्यात टाकले. म्हणाली, हे परत घालायचे नाहीत. भाव एकोणीस. वरखाली होतंच.

५ एप्रिल, बुधवार

भाव सतरा. मावशीने ठरल्याप्रमाणे शंभर शेअर काढले. मला विचारलं, थांबायला हवं होतं का? मी तज्ज्ञासारखा चेहरा केला. तज्ज्ञ असा चेहरा करतात तेव्हा आत काय होत असेल ते आता कळलं.

१४ एप्रिल, शुक्रवार

सगळा बाजार कोसळला. टीव्हीवर माणसं ओरडत होती. लिंडक्विस्टने गायींचा इंटरनेट बाजार बंद केल्याचं कळवलं. आठ महिन्यांत एकूण अकरा गायी विकल्या गेल्या होत्या. त्यातली एक परत आली.

भाव बारा.

मावशी दिवसभर बागेतली माती उकरत होती. माती अजून गोठलेली आहे.

१६ एप्रिल, रविवार

मिसेस डिट्रिकची रीत मी स्वतःला लावली. जुनी गोष्ट जुन्या भावात मांडायची नाही, आजच्या भावात आणायची.

२८ जानेवारी. तीन वर्षं झाली असताना सात म्हटलं. तेव्हा खरं सांगायला काय पडलं असतं? एक टोमणा. तळ्यावरची आग. तेव्हा काय पडलं असतं? लुट्झचं हसू आणि लायब्ररीची एक खेप, बसभाडं दीड डॉलर. २५ फेब्रुवारी, कागद देताना. तेव्हा मान खाली घालावी लागली असती, बस्स. आज तेच वाक्य बोलायला चोवीस हजार डॉलर लागतात. वाक्य तेच आहे, शब्दही तेवढेच. महागाई म्हणतात ती ही.

आणि जसजसं थांबतोय तसतसं वाढतंय. तरी आज नको. आज रविवार.

१८ एप्रिल, मंगळवार

सांगायला स्वयंपाकघरात गेलो. मावशी फोनवर होती. थांबलो. फोन संपला. विचारलं, कुणाचा होता? ती म्हणाली, धुलाईखान्यातून. मी त्यांना केला होता.

हार्मोनिका वाजवत बसलो. एक गाणं जवळजवळ येतंय.

२१ एप्रिल, शुक्रवार

भाव दहा. पश्चिमेकडे जाणारी बस चार दहाला असते. हे नुसतं माहिती म्हणून लिहितोय.

२२ एप्रिल, शनिवार

बॅग भरली. पण भरताना लक्षात आलं की मी गेलो तर मावशीला कधीच कळणार नाही की चूक कुणाची. तिला वाटेल कंपनीची. किंवा काकांची, दहा वर्षं बघायची त्यांची रीतच खोटी. मग बॅग रिकामी केली. अर्धी.

२३ एप्रिल, ईस्टर. दुपारी ४

सांगितलं.

हॅम कापून झालं होतं, बटाटे यायचे होते. एका दमात बोललो. चार अहवाल मी जाळले, आकडे माझ्या मनाचे आहेत, एकवीस खोटं आहे. ती ओरडेल असं धरून चाललो होतो. ओरडल्यावर काय म्हणायचं तेही ठरवलं होतं.

ती म्हणाली, मला माहीत आहे.

म्हटलं, कधीपासून? ती म्हणाली, तू कागद हातात दिलास तेव्हापासून. एक्याण्णवला लिंडक्विस्टने रोलंडला अकरा आठवडे घरी बसवलं होतं. ब्याण्णवला निम्म्या गावाला. तो हिवाळा आम्ही शेजाऱ्याने मारलेल्या हरणावर काढला, नाश्त्याला हरण, जेवायला हरण. आणि तुझ्या कागदावर कंपनी त्या साली दर शेअरला एक चाळीस कमावते. मी काय चंद्रावर राहत होते?

मग बोलली का नाहीस, असं विचारलं. ती बटाट्यांवर लोणी घालत राहिली, फार घातलं. मग म्हणाली, बोलले असते तर विकावे लागले असते. तेहेतीस वर्षं तो डबा घेऊन त्या फाटकातून आत गेला. त्याला जाऊन जेमतेम तीन महिने आणि मी ते बाजारात काढायचे? मला कुणीतरी नको म्हणायला हवं होतं. तू म्हणालास. मी चष्मा काढून ठेवला. तू आळशी आहेस, आर्लो. मी आळशी नाही. मी बघून केलं.

मी म्हटलं, तसं नाही मावशी, चूक माझीच. ती म्हणाली, गप. बटाटे घे.

हे ऐकून निम्मं ओझं उतरलं. मग लक्षात आलं की मावशीचंही चुकलं म्हणून मला बरं वाटतंय. तेही आजच्या भावात धरलं, आणि ओझं होतं त्याहून जास्त झालं.

उठताना म्हणाली, तो कागद पुरा कर. म्हटलं, आता कशाला? ती म्हणाली, क्लबच्या फाइलीत रोलंडच्या पंधरा कागदांवर तुझा लागलाय. त्याच्यावर खोटा नको.

२६ एप्रिल, बुधवार

मावशी धुलाईखान्यात जाऊन आली. तिच्या जागेवर नवीन बाई आहे. पहाटे पाचची पाळी मोकळी आहे, तासाला पन्नास सेंट कमी. आठ मेपासून. नवीन बूट घेऊन आली. तेच, तसेच.

मी म्हटलं, मी नोकरी करतो ना. ती म्हणाली, कर की. कुणी धरलंय?

उद्या चौकशी करतो.

२८ एप्रिल, शुक्रवार

मिसेस डिट्रिक परत आल्या. मी स्वतः फोन करून कबूल केलं. त्यांनी विचारलं, चारही वर्षांना सरासरी लावलीस? म्हटलं, हो. त्या म्हणाल्या, अरे, दहा वर्षं कशाला घेतो आपण? चांगली वर्षं कंपनी स्वतःच ओरडून सांगते. वाईट वर्षांसाठी घेतो.

केक मे महिन्यापासून माझ्याकडे.

४ मे, गुरुवार

लायब्ररीत गेलो. मधल्या थांब्याला उतरलो. अलास्काच्या फोटोंचं एक मोठं पुस्तक दर्शनी भागातच ठेवलं होतं, हे त्या लोकांचं चुकलं. दुपारी तीनला लिंडक्विस्टचे अहवाल मागितले. पाचला लायब्ररी बंद.

५ मे, शुक्रवार

पुन्हा गेलो. पुस्तकाकडे पाठ करून बसलो. नव्वदला चाळीस सेंट नफा. एक्याण्णवला नव्वद सेंट तोटा. ब्याण्णवला एक डॉलर वीस सेंट तोटा. त्र्याण्णवला दहा सेंट तोटा. लाल पेन लायब्ररीवाल्या बाईंकडून मागून घेतलं. ब्याण्णवच्या अहवालात कारखान्याचा फोटो आहे, पुढे बर्फ, आणि बर्फात पावलांची एकही खूण नाही. तो फोटो मी तळ्यावर जाळला होता, न बघता.

८ मे, सोमवार. दुपारी ३

कागद काल पुरा झाला. आयुष्यात पुरं केलेलं पहिलं काम. दहाही वर्षं आजच्या भावात, भागिले दहा, त्रेसष्ट सेंट. मिसेस डिट्रिकच्या पद्धतीने पूर्ण अपूर्णांक धरून गुणिले पंधरा, नऊ डॉलर चव्वेचाळीस. तीनदा तपासला. तीनदा तेच.

सकाळी पेपर उघडला आणि ओरडलोच. लिंडक्विस्टचा भाव साडेनऊ. माझा आकडा नऊ चव्वेचाळीस! फरक सहा सेंटांचा. रीत खरी आहे, काका खरे होते, आणि माझं गणित अगदी बरोबर आहे. कागद घेऊन स्वयंपाकघरात धावलो. मावशी नव्हती. साडेचारलाच गेली होती.

दोनला आली. मी दारातच कागद पुढे केला. सगळं समजावून सांगितलं, लाल आकडे दाखवले, सहा सेंट दाखवले. ती बूट काढता काढता ऐकत होती. एक्याण्णव आणि ब्याण्णववर बोट ठेवलं आणि मान हलवली, ओळखीचं माणूस दिसल्यासारखी. मग विचारलं, मग आता काय करायचं म्हणतो तुझा कागद?

म्हटलं, भाव आणि लायकी सारखीच आहे. घ्यायचं नाही, विकायचं नाही. काहीच करायचं नाही.

ती म्हणाली, हे जमेल तुला.

थट्टा केली म्हणजे राग गेला असावा. तिने पाय गरम पाण्याच्या बादलीत सोडले. थोड्या वेळाने पाणी निवलेलं दिसलं, म्हणून मी आपणहून उठून किटली ठेवली. उकळी येईपर्यंत ती खुर्चीतच झोपली होती.